लिटमसबाईंची सही

आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना मुलं लिटमस म्हणत. राग आला की दोन सेकंदांत त्यांचा चेहरा लाल, आणि समोरचा खरं बोलून मोकळा झाला की तितक्याच पटकन पूर्ववत. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं, हे त्यांना कधी जमलंच नाही. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी भर वर्गात विचारलं, "लिटमस लाल कशात होतो?" मुलं चाचरत म्हणाली, "आम्लात." "मग मला आम्ल कोण पाजतं याचा जरा विचार करा," म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेला लागून. मध्ये एक भिंत आणि कितीही दुरुस्त केला तरी गळणारा एक नळ. बाईंच्या बावीस वर्षांच्या नोकरीतली चौदा वर्षं मी अशी शेजारून पाहिली आहेत. त्यांच्या बाबतीत जे घडलं ते शाळेत कुणी मोठ्याने बोलत नाही. मीही पुष्कळ दिवस बोलले नाही.

सुरुवात एका चुकीपासून झाली. सहामाहीचे पेपर तपासताना बाईंना दिसलं की नववीच्या एका तुकडीतल्या अडतीस मुलांनी अॅल्युमिनियम सल्फेटच्या सूत्रात दोन आणि तीनची अदलाबदल केली आहे. त्यांनी सगळ्यांना लाल फुली मारली. मग त्यांना शंका आली. त्यांनी एका मुलीची वही मागवली, तारीख बघून पान उघडलं, तर फळ्यावरून उतरवलेलं सूत्र तसंच. म्हणजे चूक बाईंचीच होती आणि अडतीस मुलांनी ती इमानाने पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जाऊन माफी मागितली, गुण परत दिले, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सांगता सांगता हसू लागल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. शिक्षकांच्या खोलीत मुलांच्या चुका सांगतात, आपल्या नाही.

तेव्हा कोपऱ्यातून गणिताचे सर म्हणाले, "माझ्याकडेही एक आहे. तुमच्यापेक्षा मोठी."

हे सर म्हणजे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. मुलं त्यांना 'म्हणून सर' म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य 'म्हणून'वर येऊन थांबायचं. "या दोन बाजू समान, म्हणून..." असं म्हणून ते वर्गाकडे बघत राहायचे. उरलेलं वर्गानं म्हणायचं. घरी वाणसामान आणतानाही ते तसंच बोलत असावेत, अशी आमची खात्री होती. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण आणि ते असे दोघंच राहत.

त्या दिवशी सरांनी काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते आमच्यात राहायचं असं ठरलं होतं. पण त्यातून शनिवार सुरू झाला. शनिवारी शाळा अर्धा दिवस. मुलं गेली की आम्ही पाच-सहाजण प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलांवर बसायचो. नियम दोनच. त्या आठवड्यात आपलं काय चुकलं तेवढं सांगायचं, आणि मागितल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. चहाचे स्टीलचे पेले बाई घरून घेऊन यायच्या. कुणीतरी गमतीने बीकर पुढे केला तर म्हणायच्या, "बीकरमधून चहा पिणाऱ्याला मी प्रॅक्टिकलला नापास करते."

मी तिथे सांगितलं होतं की मी एका मुलाचं चित्र फाडलं. खेळाच्या सरांनी सांगितलं की दिवसभर दोनशे मुलांशी बोलून ते घरी जातात आणि स्वतःच्या मुलाशी बोलायला त्यांच्यापाशी एक वाक्य उरत नाही. सांगून झालं की कुणीतरी म्हणायचं, "हं." बस, एवढंच. पण त्या 'हं'वर आमचा पुढचा आठवडा निघायचा.

असं सहा वर्षं चाललं.

मग जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि संस्थेने लिटमसबाईंना विचारलं. बाईंना नको होतं. त्यांना वर्ग हवा होता, परीक्षानळ्या हव्या होत्या. त्यांनी शनिवारी तसं सांगितलं आणि सल्लाही मागितला.

'म्हणून सर' म्हणाले, "तुम्ही व्हा. दुसरं कुणी आलं तर ही खोली पहिल्यांदा कुलूप लावून बंद करेल. म्हणून..."

"म्हणून काय?" बाई म्हणाल्या.

"म्हणून तुम्ही व्हा. तेवढंच."

बाई झाल्या.

वर्षभरातच त्यांचा शनिवार सुटायला लागला. कधी संस्थेची बैठक, कधी पालकांचं शिष्टमंडळ, कधी छप्पर दुरुस्त करणारा कंत्राटदार. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान आहे. ते मला एकदा म्हणाले, "पूर्वी ही घरी येऊन मुलांच्या गमती सांगायची. आता जेवताना मला विचारते, तुमचा या महिन्याचा आढावा काय." ते हसत होते, पण अगदी मजेत नव्हते.

त्याच वर्षी संगणक शिकवायला एक तरुण सर आले. उत्साही, हुशार, मनाने स्वच्छ मुलगा. त्याने सुचवलं की शनिवारचं बोलणं टॅबवर रेकॉर्ड करू. एक अॅप आहे, ते बोललेलं सगळं लिहून काढतं आणि शेवटी सारांशही देतं. दुपारच्या सत्रातल्या शिक्षकांना यायला जमत नाही, त्यांनाही ऐकता येईल. आणि बाईंनाही, ज्या आठवड्यात त्या नसतील त्या आठवड्यातलं.

बाईंना हे पटलं, ते मुख्यतः या शेवटच्या कारणासाठी. त्यांनी नंतर मला तसं स्पष्ट सांगितलं. "मला तुमच्यात बसायचं होतं आणि बसता येत नव्हतं. म्हणून मी तुमचा आवाज तरी पकडून ठेवायला निघाले."

आम्हा सगळ्यांना त्यांनी विचारलं. आम्ही माना डोलावल्या. गणिताचे सर तेवढे म्हणाले, "लिहून कशाला ठेवायचं? विसरलं तर विसरू द्या की." पण त्यांनीही हरकत घेतली नाही. खातं शाळेच्या नावाने उघडायचं होतं, त्यासाठी एका अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागत होती. तो अर्ज इतर वीसेक कागदांबरोबर बाईंसमोर आला. ज्या बाई परीक्षानळीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय बाटलीचं बूच काढत नसत, त्यांनी तो न वाचता सही केली. त्यात लिहिलं होतं की खात्यावर साठणारी सर्व माहिती संस्थेच्या कार्यालयाला पाहता येईल.

सुरुवातीला टॅब मध्ये ठेवला की आम्ही जरा जपून बोलायचो. त्याच्यावर एक हिरवा ठिपका लागायचा. तीन-चार आठवड्यांत त्या ठिपक्याची सवय झाली. शेजारच्या नळाची झाली होती, तशीच.

एका शनिवारी बाई नव्हत्या. सरांची पाळी आली तेव्हा ते बराच वेळ पेला हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "दहावीच्या वर्गात परवा सिद्धतेच्या मध्यावर मी थांबलो. पुढची पायरी आठवेना. पस्तीस वर्षं शिकवतोय मी ती. डोक्यात पांढरं. नुसतं पांढरं."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. ती ओठातल्या ओठात बोलली पुढची पायरी. मी ती उचलली आणि पुढे गेलो. वर्गाला कळलं नाही. असं या महिन्यात तिसऱ्यांदा झालं. आता ती मुलगी माझ्याकडे असं बघत असते, जसं रस्ता ओलांडताना म्हाताऱ्या माणसाकडे बघतात. म्हणून..."

त्या दिवशी ते वाक्य कुणी पूर्ण केलं नाही. खेळाचे सर "हं" म्हणाले. सरांनी पेला धुवून जागेवर ठेवला आणि ते गेले. मध्ये टॅब होता, त्यावर ठिपका होता, आणि तो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता.

बाईंचं ऐकायचं बरंच तुंबलं होतं. तोवर अकरा शनिवार झाले होते. रविवारी ऐकू, सुट्टीत ऐकू, असं चाललं होतं. तेव्हा त्यांना हे कळलं ते सरांच्या आवाजात नाही, कागदावर. दहा दिवसांनी संस्थेच्या चिटणीसांनी त्यांना बोलावलं आणि टेबलावरून एक छापील पान पुढे सरकवलं. अॅपने महिन्याचा अहवाल काढला होता. त्यात ओळी होत्या: 'गणित शिक्षक. वर्गात विस्मरण, तीन प्रसंग. विद्यार्थिनीच्या मदतीवर अवलंबून. जोखीम: उच्च.' खाली लाल चौकोन.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?" बाईंनी विचारलं.

"दर महिन्याला येतं. तुमच्याच शाळेच्या खात्यावरून." चिटणीस सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवत नसत. "इतके दिवस त्यात विशेष काही नव्हतं."

"हे आमचं आपसातलं बोलणं आहे. हे असं वाचायचं नसतं."

"बाई, शाळेच्या खात्यावर आपसातलं काही नसतं. सही तुमची आहे." त्यांनी दुसरा कागद काढला. "आणि मला एक सांगा. उद्या एखाद्या पालकाने येऊन विचारलं, की तुम्हाला माहीत होतं का, तर मी काय सांगायचं? दहावीचं वर्ष आहे. मुलांचं काय?"

बाईंना खरा घाव बसला तो या शेवटच्या प्रश्नाने, कारण तो खोटा नव्हता. सरांवर अन्याय होतोय एवढंच असतं, तर त्या तिथल्या तिथे लाल होऊन भांडल्या असत्या. पण पस्तीस मुलांची परीक्षा चार महिन्यांवर होती आणि शिक्षक सिद्धतेच्या मध्यावर थांबत होता. त्यांनी दोन आठवड्यांची मुदत मागितली. "मी स्वतः त्यांच्या वर्गात बसून पाहते," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं. यजमानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुकानात दिवसभर लोक येतात, अक्षरं दिसत नाहीत म्हणतात. तुला दिसत होती गं." बाई म्हणतात, ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

इथे बाईंनी दुसरी चूक केली. पहिलीपेक्षा मोठी, असं त्या स्वतः म्हणतात. त्यांनी सरांना आधी जाऊन सांगितलं नाही. कसं सांगायचं ते सुचेना, जीभ रेटेना. नेहमीची वर्गपाहणी आहे असं दाखवून त्या बुधवारी तिसऱ्या तासाला दहावीच्या वर्गात गेल्या आणि शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या.

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मान लववली आणि फळ्यावर वर्तुळ काढलं. हाताने काढलेलं, पण कंपासला लाजवील असं. दोन स्पर्शिका काढल्या. पक्ष, साध्य, रचना, सगळं सुरळीत. तिसऱ्या पायरीवर "म्हणून" म्हणाले आणि थांबले.

वर्गाला वाटलं, नेहमीसारखं आपल्यासाठी थांबले. दोघातिघांनी उत्तर दिलंही, पण चुकीचं. सर फळ्याकडे बघत उभे होते. बाईंना पाठीमागून त्यांची मान दिसत होती, आणि मानेवरून त्यांना कळलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने मान खाली घालून हळूच काहीतरी म्हटलं. सरांना ते ऐकू गेलं असणार. पण या वेळी त्यांनी ते उचललं नाही. ते वळले, खडू खाली ठेवला, आणि म्हणाले, "मुलांनो, मला आठवत नाहीये."

कुणी हसलं नाही. कुणीतरी पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज तेवढा झाला.

"पुस्तकात आहे. पान बघा आणि उतरवून घ्या," सर म्हणाले आणि तास संपेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले. घंटा झाल्यावर बाई त्यांच्यामागून बाहेर पडल्या. व्हरांड्यात मुलांची गर्दी होती. ते दोघं जिन्याच्या वळणावर थांबले.

"तुम्ही सहज आला नव्हता," सर म्हणाले.

"नाही."

"कुणी सांगितलं?"

बाईंनी सांगितलं. चिटणीस, अहवाल, लाल चौकोन, सही, सगळं. एकही शब्द मऊ केला नाही. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मग शनिवारी मी कुणाशी बोलत होतो?" त्यांनी विचारलं.

सर जिना उतरून गेले.

त्यानंतर बाईंनी जे जे करता येईल ते केलं. सरांना डॉक्टरांकडे जायला लावलं, म्हणजे त्यांच्या बहिणीला फोन करून विनवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही ठामपणे सांगता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. म्हणजे आजारही नाही आणि आजार नाही असंही नाही. बाईंनी संस्थेला चार पानांचं पत्र लिहिलं. चूक माझी आहे, हे बोलणं मिळवण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. सरांना वर्गावर राहू द्या, सोबतीला दुसरे शिक्षक बसतील, मी स्वतः बसेन. बैठकीत ते वाचलं गेलं. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या भावना पोचल्या." आणि सरांकडून नववी-दहावी काढून घेतली. त्यांना वेळापत्रक करण्याचं काम आणि वाचनालयाची किल्ली दिली.

सरांनी महिनाभर वेळापत्रक केलं. इतकं चोख वेळापत्रक शाळेला कधी मिळालं नव्हतं. एकाही शिक्षकाचे दोन तास एकमेकांवर आले नाहीत. महिना संपला तेव्हा त्यांनी किल्ली कार्यालयात ठेवली, राजीनाम्याचा कागद तिच्याखाली ठेवला आणि गेले. निरोप समारंभ नको म्हणून सांगून ठेवलं होतं.

संगणकाच्या सरांनी सगळी रेकॉर्डिंग पुसायला घेतली. दोन दिवस बसला बिचारा. मग बाईंच्या खोलीत येऊन म्हणाला, "बाई, आपल्याकडून पुसलं, पण त्यांच्याकडे प्रत जाते. ती आपल्याला पुसता येत नाही." आणि रडायला लागला. बाईंनी त्याला पाणी दिलं. "तू नवीन होतास. मी नव्हते," म्हणाल्या.

मग त्यांनी सगळ्या शिक्षकांना सभागृहात बोलावलं. व्यासपीठावर चढल्या नाहीत, खालीच उभ्या राहिल्या. "या आठवड्यात माझं काय चुकलं ते सांगते," अशीच सुरुवात केली, आणि सगळं सांगितलं. अर्ज न वाचल्याचं, सरांना आधी न सांगितल्याचं. "हिरवा ठिपका मी तुमच्यामध्ये आणून ठेवला. ज्यांनी ज्यांनी तिथे मन मोकळं केलं, त्यांचं सगळं तिकडे आहे. मला ते परत आणता येत नाही."

आम्ही साठ जण बसलो होतो. एकानेही "हं" म्हटलं नाही. प्रत्येकजण मनातल्या मनात मोजत होता, की आपण त्या टॅबसमोर काय काय बोललो. मीसुद्धा. चित्र फाडल्याचं मी टॅब येण्याआधी बोलले होते, या विचाराने मला हायसं वाटलं. आणि असं हायसं वाटल्याची मला लाजही वाटली नाही, तेव्हा तरी.

पुढच्या शनिवारी मी वर्ग आवरून बाहेर पडले. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत बाई एकट्या बसल्या होत्या. समोर पेले मांडलेले. टॅब नव्हता. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी क्षणभर थांबले, चपलांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलल्या, आणि जिना उतरून गेले.

आता आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ती बाईंना सगळ्यात जड गेली असं मला वाटतं. पहिल्या बाकावरची ती मुलगी एक दिवस परवानगी न घेता त्यांच्या खोलीत शिरली. मुठी आवळलेल्या.

"मी नव्हतं सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"सरांचं. वर्गात सगळे म्हणतात, तूच पहिल्या बाकावर होतीस, तूच सांगितलंस. मी घरीसुद्धा बोलले नव्हते. आईलासुद्धा नाही."

बाई उठून तिच्याजवळ गेल्या. पंधरा वर्षांच्या मुलीला किती सांगायचं असतं, हा विचार त्यांनी केला असेल. पण त्यांनी सांगितलं. "तू नाही सांगितलंस. माझ्यामुळे कळलं. मी एका कागदावर न वाचता सही केली." आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुलांनाही सांगितलं. मुलीवरचा आळ गेला.

पण त्या दिवशी मुलगी लगेच निघाली नव्हती. म्हणाली, "मग त्यांना परत आणा."

"ते माझ्या हातात नाही, बाळा."

"तुम्ही हेड आहात ना?"

"आहे."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि निघून गेली. परीक्षेत गणितात तिला चांगले गुण मिळाले. निकालाच्या दिवशी सगळी मुलं शिक्षकांना भेटायला आली. ती आली नाही.

बाईंनी वर्षअखेरीला पद सोडायला अर्ज केला. मला माझा वर्ग परत द्या, असं लिहिलं. संस्थेने तो नामंजूर केला. चिटणीस म्हणाले, इतक्या प्रामाणिक मुख्याध्यापिका आम्हाला दुसऱ्या मिळणार नाहीत. त्यांचं खरंच तसं मत होतं. बाई राहिल्या. नोकरी सोडून घरी बसावं असंही त्यांच्या मनात आलं होतं, पण मग हे पद ज्याला मिळेल तो या गोष्टी कशा करेल, हे त्यांना दिसत होतं. आता त्या प्रत्येक कागद वाचतात. कार्यालयातले कारकून कुरकुरतात, की साधं पंख्यांच्या दुरुस्तीचं पत्र दोन दिवस अडकतं. शिक्षक त्यांचा मान ठेवतात. व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "काय, कसं चाललंय?" तर सगळे म्हणतात, "छान चाललंय, बाई." दिवसभर त्यांना हे एकच उत्तर मिळतं.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या सरांच्या घरी जायला लागल्या. पहिल्या तीन गुरुवारी बहिणीने दार अर्धंच उघडलं. "दादा झोपलाय," ती म्हणाली. आतून रेडिओवर कुणीतरी बातम्यांचं स्टेशन बदलत होतं. चौथ्या गुरुवारी दार सरांनीच उघडलं. "या," म्हणाले. "पण शाळेचं एक अक्षर बोलायचं नाही. बाकी जगात पुष्कळ आहे." तेव्हापासून त्या तासभर बसतात. हवा, गुडघे, वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण, बाजारातली मेथी. सहा महिन्यांनी दुसरी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आहे तसंच आहे.

गुरुवारच्या या भेटींचं मला कळलं ते फार उशिरा, जवळजवळ वर्षाने. एक दिवस मधल्या सुट्टीत मी बाईंच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि म्हटलं, "बाई, त्या शनिवारी मी तुम्हाला एकटं बसलेलं पाहिलं होतं. आणि मी तशीच निघून गेले."

त्या हातातला कागद वाचत होत्या. तो खाली ठेवला.

"किती वाजता?"

"बारा वाजून गेले होते."

"मी एकपर्यंत बसले होते," त्या म्हणाल्या. मग, "गुरुवारी येतेस सरांकडे?"

मी गेले. जिना अरुंद होता, बाईंच्या हातात संत्र्यांची पिशवी होती. सरांनी मला लगेच ओळखलं. चेहरा थोडा उतरला होता, शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली. मी मनात घोकत होते, शाळेचं बोलायचं नाही, शाळेचं बोलायचं नाही. हवेवर काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच सर म्हणाले, "काय हो, तुमची मुलं अजूनही चित्रात माणसाचे हात खिशात घालतात का?"

मला हसू फुटलं. हात काढायला अवघड, म्हणून मुलं सगळ्या माणसांचे हात खिशात घालतात, हे मीच त्यांना पूर्वी कधी सांगितलं होतं. मी म्हटलं, "हल्ली तर बायकांच्या फ्रॉकलाही खिसे देतात." सर खदखदून हसले. मग विचारत राहिले. तिसऱ्या मजल्यावर ऊन अजून तसंच येतं का, नववीला आता कोण शिकवतं, खेळाच्या सरांचा मुलगा त्यांच्याशी बोलायला लागला का. मी सांगत होते. दोनदा त्यांना एखादं नाव आठवलं नाही, तेव्हा त्यांनी हात हलवून ते सोडून दिलं. बहिणीने चहा आणला. अर्धा-पाऊण तास आम्ही दोघं शाळेचंच बोलत होतो.

बाई बाजूच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होत्या. सालीच्या आतले पांढरे दोरे एकेक करून काढत होत्या. मध्ये एकदा त्या काहीतरी बोलायला गेल्या, "या वर्षी नववीला..." तेव्हा सर त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "तुमचे गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," बाई म्हणाल्या आणि फोडी बशीत मांडल्या.

परत येताना आम्ही स्टॉपपर्यंत चालत आलो. मला वाटलं काहीतरी म्हणावं, पण सल्ला त्यांनी मागितला नव्हता. त्यांची बस आधी आली.

"पुढच्या गुरुवारपासून तू येत जा," चढता चढता त्या म्हणाल्या. "त्यांना बरं वाटतं."